आम्ही जवळ गेलो की गाडी पुढं पळते

कोल्हापूरजवळच्या कळंब्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"काकू, नमस्कार. हे उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये आहेत, पगार 26 हजार. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, महिन्याला आठ-नऊ हजार सुटतात. थोरली नववीत, धाकटा चौथीत, आणि सासूबाई. 2018 ला आम्ही ठरवलं होतं की साडेतीन लाख जमले की छोटी गाडी घ्यायची. भिशी लावली, दिवाळीचा बोनस बाजूला टाकला. पैसे जमत आले की किंमत वाढलेली असायची. परत थांबायचं. आम्ही जवळ गेलो की गाडी पुढं पळते, असं झालंय. आता 3 लाख 60 हजार आहेत. जीएसटी उतरला म्हणून शोरूमला गेलो, तर तिथल्या पोरानं छोटी गाडी धड दाखवलीसुद्धा नाही. 'वहिनी, ती आता कोण घेतंय?' म्हणाला आणि साडेनऊ लाखांच्या उंच गाडीत आम्हाला बसवलं. अडीच लाख भरा, सात लाखांचं कर्ज, सात वर्षं, हप्ता 11 हजार 400. यांना ती मनात भरली आहे. दिरांकडं तसलीच आहे. मला मात्र झोप नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, स्कूटीवर बसता येत नाही, महिन्यातून चार वेळा दवाखाना आहे. जुनी घ्यावी म्हटलं तर सगळे म्हणतात, दुसऱ्याची पीडा घरात कशाला आणता. आम्ही आधीच घ्यायला हवी होती का? चुकलो का आम्ही?"

अगं, चुकला नाहीत. आधी ते डोक्यातून काढ.

मी सत्तावीस वर्षं सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. गाडीच्या फायली किती हातांखालून गेल्या त्याची मोजदाद नाही. एक सांगते. तुम्ही 2018 ला जी गाडी डोळ्यांसमोर ठेवली होती, ती गाडी तुमच्यासाठी थांबणार नव्हतीच. तिच्या मागे एकामागून एक नियम लागले. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं आलं. एप्रिल 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं. जुलै 2019 पासून चालकासाठी एअरबॅग, मागं सेन्सर, सीट बेल्ट लावला नाही की वाजणारी टिकटिक. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून धडक-चाचणीचे निकष जुन्या मॉडेलांनाही लागू. एप्रिल 2020 ला बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम. जानेवारी 2022 पासून पुढं दोन एअरबॅग. एप्रिल 2023 ला बीएस-6 चा दुसरा टप्पा. यातला एकही नियम वाईट म्हणता येणार नाही. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी करणाऱ्या संस्थेनं आपल्या पाच लहान गाड्या आपटून बघितल्या, तर मोठ्यांच्या संरक्षणात पाचही शून्य तारे. तेव्हा स्वस्त होतं ते असं स्वस्त होतं.

पण नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचं ओझं सारखं नसतं. एअरबॅगचा संच आणि एबीएसचा डबा साडेतीन लाखांच्या गाडीला जवळजवळ तेवढ्याच पैशांत पडतो, जेवढ्यात दहा लाखांच्या गाडीला. दहा लाखांत तो खर्च मुरतो. साडेतीन लाखांत तो डोळ्यांत येतो. ही गोष्ट तुझ्या यजमानांना माझ्यापेक्षा चांगली कळेल. त्यांना विचार, जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, लहान असला म्हणून सेटिंगला वेळ कमी लागतो का? नाही लागत. मशीन तेवढंच अडकतं, माणूस तेवढाच उभा राहतो. गाडीच्या कारखान्यातही लाइन तीच, रंगाची भट्टी तीच. मग कंपनी म्हणणार, तेवढ्याच जागेत जास्त सुटणारी गाडी का बनवू नये? शोरूमच्या पोराचा इन्सेंटिव्हही त्याच वाटेनं चालतो. त्याच्यावर रागावू नकोस. छोटी गाडी विकून त्याच्या हाताला फारसं काही लागत नसणार.

मग एकेक करून दुकान बंद झालं. नॅनोचं उत्पादन 2018 मध्येच थांबलं. डॅटसन 2022 ला देशातून गेली, सँट्रोही त्याच वर्षी. ऑल्टो 800 गेली 2023 मध्ये. पाच लाखांच्या आतल्या गाड्या 2015-16 मध्ये नऊ लाख नगांच्या वर खपल्या होत्या. 2024-25 मध्ये त्या पंचवीस हजार नगांच्या आसपास आल्या. तू ज्या रांगेत उभी होतीस ती रांगच मोडली, म्हणून तुला वाटतंय की माझाच नंबर येत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 झाला, वरचा सेसही गेला, आणि ऑल्टो के10 ची सुरुवातीची किंमत 3 लाख 69 हजार 900 वर आली. तुम्ही ऐकलंत ते खरंच. पण ती शोरूमची किंमत. आपल्याकडं महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे त्यावरच चाळीस हजार गेले. विमा धरला की सव्वाचार लाखांच्या पुढंच जातं. तेही अगदी खालचं मॉडेल.

आता त्या उंच गाडीकडं येऊ. पत्रात तू हप्ता लिहिलास, एकूण रक्कम नाही लिहिलीस. दोष तुझा नाही, शोरूममध्ये कुणी ती सांगतच नाही. 11 हजार 400 च्या आसपासचा हप्ता 84 महिने भरलास तर साडेनऊ लाख होतात. त्यात आधीचे अडीच लाख मिळव, झाले बारा लाख. म्हणजे साडेनऊ लाखांची गाडी तुम्हाला बारा लाखांना पडणार. मी बँकेत लागले तेव्हा गाडीचं कर्ज लोक तीन वर्षांत फेडायचे. मग पाच झाली, आता सात. गाडी तेवढीच महाग असते, नुसती मुदत लांबवली की हप्ता खिशात बसल्यासारखा वाटतो.

आणि एक हिशोब आहे तो मी नेहमी टेबलावर पेन्सिलीनं काढून दाखवायची. तुझी थोरली बारावी होईल तेव्हा जेमतेम निम्मे हप्ते झालेले असतील. तुला वाटेल निम्मं कर्ज फिटलं. नाही. साडेनऊ टक्क्यांनी धरलं तर तेव्हाही चार लाखांच्या वर मुद्दल उभं असेल, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. पोरीला नर्सिंगला घाल नाहीतर इंजिनिअरिंगला, त्याच जून-जुलैमध्ये फी भरायची असते. तेव्हा दुसऱ्या कर्जासाठी बँकेत गेलात की साहेब पहिला प्रश्न विचारणार, आधीचा हप्ता किती? पस्तीस हजारांच्या घरात साडेअकरा हजारांचा हप्ता म्हणजे तिसरा हिस्सा. मी त्या खुर्चीत असते तर हात आखडता घेतला असता. आणि ब्लाउजचं काम लग्नसराईवर चालतं, ते दर महिन्याला सारखं नसतं, हे तुला मी काय सांगू.

म्हणून ती गाडी नको. दिरांचा विषय मी काढणार नव्हते, पण तूच लिहिलंस म्हणून. लोक काय म्हणतील या एका गोष्टीनं नॅनोचा घात केला, असं मला आजही वाटतं. 2008 च्या जानेवारीत रतन टाटांनी एक लाखाची गाडी दाखवली, स्कूटरवर भिजत जाणाऱ्या कुटुंबासाठी म्हणून. आणि त्याच कुटुंबांना ती नकोशी झाली, कारण तिच्यावर 'सगळ्यात स्वस्त' असा शिक्का बसला. बाकी कारणंही होती, पण हा शिक्का काही पुसला गेला नाही. गावच्या जत्रेला तुम्ही कुठल्या गाडीतून उतरलात हे पाहुणे मटणाच्या ताटापर्यंतच लक्षात ठेवतात.

मग गाडी घ्यायची की नाही? नुसता हिशोब केला तर रिक्षाच जिंकते. महिन्यातून चार फेऱ्या रिक्षानं केल्या तर लागून लागून किती लागणार? गाडी नुसती दारात उभी केली तरी विमा आहे, सर्व्हिसिंग आहे, बॅटरी आहे, आणि पेट्रोल शंभरीच्या वर. बँकेतली बाई म्हणून मी तुला 'घेऊ नको' असंच सांगितलं असतं. पण माझी सासूही गुडघ्यांनी बसली होती. जुलैच्या पावसात रात्री दहाला रिक्षावाल्याला फोन लावत दारात उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आणि आठ वर्षं भिशीचे पैसे बाजूला टाकणाऱ्या बाईला गाडीचा सोस नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही. घ्या. पण जुनी घ्या.

'दुसऱ्याची पीडा' म्हणणाऱ्यांना म्हणू दे. इथं तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. वर जे नियम सांगितले, ज्यांनी नवी गाडी तुमच्यापासून लांब नेली, त्यातले बहुतेक अलीकडच्या जुन्या गाडीत आयते बसलेले असतात. ती किंमत पहिल्या मालकानं भरलेली आहे, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत गाडीचा भाव सगळ्यात जोरात पडतो तोही त्याच्याच खिशातून. म्हणून जानेवारी 2022 नंतर बनलेली गाडी बघा. दोन एअरबॅग, एबीएस, बीएस-6, सगळं आलं. नोंदणीची तारीख बघून फसू नका. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळं लिहिलेलं असतं. 2021 ला बनलेली आणि 2022 ला पासिंग झालेली गाडी भरपूर सापडते. एप्रिल 2023 नंतरची मिळाली तर सोन्याहून पिवळं, त्या हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला धरून बनवलेल्या आहेत. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या म्हणजे जुन्यांच्याही उतरायला हव्यात. विकणारा जुनाच भाव धरून बसला तर नव्याचा आकडा त्याच्यासमोर ठेवा आणि चहा न घेता उठा.

आता माझी फजिती सांगते, कारण कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्यानं ती ऐकलीच पाहिजे.

2020 च्या दिवाळीत आम्ही एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून गाडी घेतली. पांढरी, एकहाती, 'डॉक्टरांची आहे, फक्त दवाखान्यात जाऊन-येऊन होती'. आत अत्तराचा वास मारलेला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची कागदं तपासली आणि आमची घेताना सीट कव्हरच्या रंगावर भाळले. पहिल्या पावसाळ्यात तिचे लाइट आपोआप लागायला लागले. एक काच खाली जायची ती वर यायची नाही. तीन गॅरेज झाली. शेवटी ओळखीचे एक वयस्कर मेस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि सीट बेल्ट ओढायला लागले. आपण ओढतो तसा हातभर नाही, पार शेवटपर्यंत, रीळ रिकामं होईपर्यंत. पट्टा बाहेर येत गेला, काळा, स्वच्छ. आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गढूळ तांबूस रेघ. बोटानं खरवडली तर वाळलेली माती निघाली. मेस्त्री म्हणाले, "बाई, ही गाडी पंचगंगेत आंघोळ करून आलीया."

ऑगस्ट 2019 आठवतोय ना? सुतारवाडा, नागाळा पार्क, बापट कॅम्प पाण्यात होतं. शिरोलीला महामार्ग बंद पडला होता. सांगलीत तर त्याहून वाईट हाल. 2021 च्या जुलैमध्ये परत तेच. एवढ्या पार्किंगमधल्या गाड्या गेल्या कुठं? धुतल्या, सुकवल्या, पॉलिश मारलं आणि विकल्या. तुम्हाला 2022 नंतरची गाडी बघा म्हणते त्यात हाही एक हिशोब आहे, ती या दोन महापुरांनंतर जन्मलेली असेल. तरी तपासा. पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा, चारही. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत गाळ किंवा गंज आहे का बघायचं. सीट ज्या रुळावर सरकते त्याच्या स्क्रूंना हात लावायचा. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून वास घ्यायचा. अत्तराचा वास जास्त असेल तर मी आता गाडीत बसतसुद्धा नाही.

गाडी व्यापाऱ्यापेक्षा ओळखीतून घ्या. यजमानांच्या कारखान्यात कुणीतरी गाडी बदलत असणारच. दिरांसारखेच उंच गाडी घ्यायला निघालेले लोक आपली चांगली छोटी गाडी काढून टाकतात, त्यांच्यावर नजर ठेवा. नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तिचा इतिहास विचारा, मालकाला बरोबर घेऊन गेलात तर सांगतात. विम्याचा क्लेम झाला होता का तेही बघा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालक, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. दंडाची चलनं थकलेली असतात ती वेगळी तपासा, नाहीतर दुसऱ्यानं तोडलेला सिग्नल तुम्ही भराल.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी, आणि गाडी एमएच-09 च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, बाहेरची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28. गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्या. हे लोक हमखास विसरतात आणि अपघात झाला की माझ्यासारखीकडं रडत येतात. आरसी तुमच्या नावावर होऊन हातात येईपर्यंत वीस-पंचवीस हजार द्यायचे ठेवा. कितीही ओळखीचा असला तरी. ओळखीचा असेल तर जास्तच.

तुमच्याकडचे 3 लाख 60 हजार सगळे गाडीत घालू नका. तीन लाखांच्या आसपासची बघा. उरलेल्यातून चार टायर, बॅटरी, इंजिनाचे पट्टे, सर्व्हिसिंग एकदम उरकून घ्या आणि चाळीसेक हजार तसेच राहू द्या. लाख-दीड लाखांचं कर्ज काढून जरा वरची घ्यावी असं यजमानांनी धरलंच तर माझी हरकत नाही. दीड लाख, तीन वर्षं, हप्ता पाच हजारांच्या आसपास बसतो, जुन्या गाडीला व्याज चढं लागतं म्हणून फार तर थोडा वर. थोरलीच्या बारावीच्या आत ते मिटतं.

कुठली घ्यायची ते तू विचारलं नाहीस, पण सांगते. आठ वर्षं तुमच्या मनात ती छोटी गाडी म्हणजे ऑल्टोच असणार. चांगली गाडी, प्रश्नच नाही. पण ती बसकी आहे. तुझ्या सासूबाईंना तिच्यात उतरल्यासारखं बसावं लागेल आणि उठताना दोघांना हात द्यावा लागेल. गुडघे गेलेल्या माणसाला खुर्चीच्या उंचीची सीट लागते, पाय बाहेर टेकवून सरळ उभं राहता यावं अशी. वॅगन-आर त्यासाठी बरी. तुमच्या पैशांत ती आणखी दोनेक वर्षं जुनी बसेल, म्हणजे 2022 च्या आधीची. मग एअरबॅग एक की दोन ते तपासून घ्या. काही मॉडेलांत आधीपासूनच दोन होत्या. तेवढ्यासाठी मी दोन वर्षं मागं जायला तयार होईन, पण मग पट्ट्याची तपासणी दुपटीनं.

आणि गाडी बघायला जाताना सासूबाईंना घेऊन जा. तुम्ही दोघं इंजिनाचा आवाज ऐकत असाल, त्यांना मात्र पुढच्या सीटवर बसव, दार लावू दे, परत उतरू दे, दोनदा. दुसऱ्यांदा त्या कुणाचा हात न धरता उतरल्या तर यजमानांना भाव पाडायला सांग. त्या बसल्या असतानाच त्यांच्या बाजूचा पट्टा ओढून बघ. शेवटपर्यंत.